व्याह्याचं क्रीम, बैलाचा खांदा

चहा घ्या आधी. कप हातात धरून ऐका, पण मधेच घोट घेऊ नका, कारण तुम्ही हसणार आणि ठसका लागणार. मग हवालदारानं बोलावून मारलं म्हणाल.

फजिती कुणाची होत नाही? सगळ्यांची होते. पण माझी झाली ती भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, दोन्ही हातांनी आणि पाहुण्याच्या डोळ्यांदेखत. पोराचं लग्न मोडायच्या बेतात आलं होतं, आणि मला वाटत होतं मी पाहुणचार करतोय!

आता हा पाहुणा कोण, ते सांगतो. मी फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो, म्हसवडजवळ आमच्या गावी येऊन शेती बघायला लागलो. ट्रॅक्टर आहे, पण हौस म्हणून एक खिलार जोडी पाळलीय. एक राणा, दुसरा वजीर. घरात मी, माझी बायको शालन, आणि आमचा एकुलता एक सुजित. शालन कवठे महांकाळची, म्हणजे पावसानं दगा दिला तरी हिच्या बोलण्यात खंड नाही. सुजित इंजिनियर झाला, कोरियात नोकरीला गेला, आणि एक दिवस फोन करून म्हणाला, आप्पा, इथली एक मुलगी मला पसंत आहे. मिन्जी तिचं नाव.

मी पहिल्यांदा हबकलो तो तेव्हा. पुढं इतक्या वेळा हबकलो की हा पहिला धक्का आता धक्क्यात धरत नाही.

शालननं विचारलं, पोरीला आपली भाकरी चालंल का? मी विचारलं, पोरीच्या वडिलांना सांगितलंस का? तर सुजित म्हणाला, सांगितलं, पण त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. त्यांना आधी आपलं घर बघायचंय.

खरं सांगतो, हे ऐकून मला फार बरं वाटलं. मुलीचा बाप घर बघायला येतो, माणसं बघतो, मग शब्द देतो. म्हणजे कोरिया असो नाहीतर कवठे महांकाळ, मुलीच्या बापाचं काळीज एकच की! मी म्हटलं, ये घेऊन, बेंदराला ये. आमच्याकडं बेंदूर म्हणजे बैलांची दिवाळी. घराची शोभा बघायची तर तेव्हाच बघावी.

आणि सुजितबरोबर ली साहेब आले, मिन्जीचे वडील.

वय माझ्याएवढंच, साठीच्या आसपास. असं सुजितनं सांगितलं म्हणून. नाहीतर गाडीतून उतरलेला माणूस बघून मी त्याच्या मागं बघायला लागलो, की वडील कुठं आहेत? तोंडावर सुरकुती नाही, डाग नाही, उन्हाचा पत्ता नाही. आमचा शेजारी बापू कुंपणाजवळ उभा होता. माझ्या कानाशी येऊन त्यानं विचारलं, "हवालदार, ह्यो व्याही हाय का नवरदेवाचा दोस्त?"

मी त्याला गप्प केलं, पण प्रश्न माझ्याही मनात होताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा धक्का. ली साहेब अंघोळीला गेले ते बाहेर येईनात. आमच्या न्हाणीत काय असतं? एक साबण. अंगाला तोच, डोक्याला तोच, शेतातून आल्यावर पायाला तोच. दाढी झाली की तुरटी फिरवायची, थंडीत ओठ फुटले तर खोबरेल, पुरुषाच्या तोंडाचा मामला तिथं संपला. शालनचा पावडरीचा एक डबा आहे, तो फक्त लग्नाकार्याला उघडतो. तो कधी आणला हे आता तिलाही आठवत नाही.

ली साहेब बाहेर आले आणि ओसरीवर आरसा टेकवून बसले. पिशवीतून बाटल्या काढल्या. एक बाटली, दुसरी बाटली, लहान डबी, त्याहून लहान डबी. प्रत्येकातलं थेंबभर घ्यायचं, गालाला लावायचं आणि स्वतःच्याच गालावर हलक्या हातानं थापट्या मारायच्या. मग थोडं थांबायचं आणि पुढची बाटली. बापू कुंपणावरून हे सगळं बघत होता. दात घासायला आला होता, ब्रश तोंडातच राहिला.

"सोताच्याच तोंडात का मारून घ्यायलंय?" तो म्हणाला.

मला मनापासून वाटलं, बिचाऱ्याला कातडीचा कसलातरी जुना आजार असणार. एवढी औषधं, तीही रोज सकाळी, निरोगी माणूस कशाला लावील? मी आत जाऊन शालनला हळूच सांगितलं, पाहुण्यांचा टॉवेल वेगळा ठेव. ती म्हणाली, काल दिला तो तुम्हीच तर आज वापरलाय. मी दिवसभर मान खाजवत होतो.

नाश्त्याला बसलो तेव्हा ली साहेब माझ्या तोंडाकडं एकटक बघत होते. मग त्यांनी सुजितला काहीतरी विचारलं. सुजितनं एका शब्दात उत्तर दिलं. ली साहेबांनी चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू माझ्या घरात कुणीतरी गेलंय.

मी विचारलं, काय म्हणतात? सुजित कचरत म्हणाला, "ते इचारत्यात, तुमी तोंडाला काय लावता. मी म्हटलं, पाणी."

आता यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? पण ते नंतर पोहेसुद्धा नीट खाईनात. मला वाटलं तिखट झालं असेल.

त्या दिवशी खांदेमळणी होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांना धुवायचं, आणि जिथं वर्षभर जू बसतं तो खांदा गरम पाण्यानं शेकून हळद आणि लोण्यानं मळायचा. तिथलं कातडं राठ झालेलं असतं, ते मऊ पडतं. मग बैलाच्या कानाशी जाऊन सांगायचं, उद्या जेवायला या. वर्षात हा एक दिवस मालकानं बैलाची चाकरी करायची. मी शालनकडून ताजं लोणी काढून घेतलं होतं, सांगलीची हळद होती, सगळी तयारी होती. फक्त गोंडे, झुली आणि शिंगांचा रंग राहिला होता. ते आणायला सुजित मोटारसायकलवर म्हसवडला निघाला.

निघताना त्यानं मला बाजूला घेतलं. "आप्पा, मी येस्तवर नीट वागा. त्येंनी काय दिलं तर दोनी हातांनी घ्या, वाकून. त्येंच्यात त्येला लय मान असतो. त्येंचा हो अजून आलेला न्हाई."

मी म्हटलं, जा बाबा, मी काय आज पहिल्यांदा पाहुणा बघतोय?

तो गेला आणि अर्ध्या घटकेत ली साहेब खोलीतून बाहेर आले. हातात एक पेटी. लाकडाची, रेशमी कापडात बांधलेली. त्यांनी ती दोन्ही हातांनी पुढं केली आणि वाकले. मीही दोन्ही हातांनी घेतली आणि वाकलो. इथपर्यंत माझं काहीही चुकलेलं नाही, हे नीट लक्षात ठेवा.

पेटी उघडली. आत जाडजूड काचेच्या डब्या, सोनेरी झाकणं, बाटल्या, एक इवलीशी नळी. अक्षर एक वाचता येईना. झाकणावर मात्र एका मुळीचं चित्र होतं, फाटे फुटलेली, अगदी आपल्या अश्वगंधेसारखी. एक डबी उघडून वास घेतला. गुलाबाचा नाही, मोगऱ्याचा नाही. उकळलेल्या मुळ्यांचा, कडवट.

मी ली साहेबांकडं बघितलं. हे काय? त्यांना प्रश्न कळला. त्यांनी बोटं आपल्या मानेवर ठेवली आणि खालून वर, खालून वर चोळून दाखवली. मग हसले, माझ्याकडं आणि पेटीकडं हात केला आणि परत मान चोळून दाखवली.

आता तुम्ही माझ्या जागी बसा आणि विचार करा. हे पुरुषमाणसानं पुरुषमाणसाला दिलंय, म्हणजे तोंडाला लावायचं असणं शक्यच नाही. फौजेत एवढी वर्षं काढली, कुठल्या जवानानं दुसऱ्या जवानाला क्रीम दिलेलं मी पाहिलं नाही. मग काय, माझ्या बायकोसाठी? परक्या माणसानं येऊन माझ्या बायकोला लावायला क्रीम द्यायचं? क्षणभर माझं डोकं तापलं. पण शालन चुलीपाशी होती, ते तिच्याकडं बघतही नव्हते. आणि मुळीचा वास, म्हणजे औषध. मान चोळायची, म्हणजे मानेला लावायचं औषध. आज खांदेमळणी. काल संध्याकाळी मी त्यांना गोठ्यात नेऊन राणाचा खांदा दाखवला होता, राठ झालाय म्हणून.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. हा माणूस बैलांसाठी औषध घेऊन आलाय! कोरियातून! सणाची चौकशी करून!

माझे डोळे भरून आले हो. आमचे सख्खे पाहुणे बेंदराला येतात ते पुरणपोळी खायला. बैलाच्या मानेचा विचार करणारा व्याही कुणाला मिळतो? मी त्यांचा हात धरला आणि थेट गोठ्यात नेलं. सावलीत खुर्ची टाकून त्यांना बसवलं आणि बापूला हाक मारली.

शालन मागोमाग आली. तिनं पेटी बघितली, डबी बघितली आणि म्हणाली, "आवं, सुजितला येऊ द्या की. तवर लोणी हाय न्हवं?"

मी म्हटलं, लोणी तू पोळीवर घाल. व्याह्यांनी एवढ्या लांबून आणलंय, त्यांच्या समोर लावलं तर त्यांना बरं वाटेल. मानाची गोष्ट आहे. बायकोचं ऐकलं असतं तर हा किस्सा झाला नसता, आणि तुम्हाला चहा मिळाला नसता.

राणाचा खांदा शेकून घेतला. मोठी डबी उघडली, आत एक चिमुकला चमचा होता, तो फेकून दिला आणि मुठीनं क्रीम काढलं.

ली साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. तोंड उघडं, हात पुढं. काहीतरी बोलले.

मी म्हटलं, "बसा बसा. दोनी बैलांना पुरंल."

आणि लावलं. काय मऊ होतं म्हणून सांगू! लोणी त्यापुढं काहीच नाही. राणाच्या वशिंडापासून मानेपर्यंत असं मुरत गेलं, की त्यानं डोळे मिटून घेतले. वजीर बाजूच्या दाव्याला होता, तोही मान पुढं करायला लागला. दुसरी डबी त्याला लावली. पाण्यासारखं काहीतरी भरलेल्या बाटल्या होत्या, त्यांचं काय करायचं? बापू म्हणाला, शिंगं पुसू. पुसली. अशी चमकली की रंगाची गरजच नाही. शेवटी ती इवलीशी नळी उरली. माशा फार होत्या म्हणून ती बैलांच्या डोळ्यांभोवती लावली. ती होतीच डोळ्यांभोवती लावायची, सगळ्या पेटीत तेवढी एक वस्तू बरोबर जागी गेली, असं सुजित नंतर म्हणाला.

एवढं सगळं होईपर्यंत ली साहेब हळूहळू खुर्चीत बसले होते. त्यांनी मोबाईल काढून आमचं शूटिंग केलं. मला वाटलं, बघा, माणूस किती खूश झालाय! मी कॅमेऱ्याकडं बघून हात हलवला, राणाचा खांदा थोपटून दाखवला आणि रिकामी डबी उंच धरली.

मग ते उठले, एकदा वाकले, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी बापूला म्हटलं, दमले असतील.

आता पुढचं ऐका. त्यांनी ते शूटिंग कोरियात मुलीला पाठवलं. मुलीनं ते बघितलं आणि रडत सुजितला फोन केला. सुजित त्या वेळी म्हसवडच्या दुकानात गोंड्यांचा भाव करत होता. म्हणजे आमच्या गोठ्यातली बातमी कोरियाला जाऊन म्हसवडला आली, आणि मी अजून बैलाच्या खांद्यावर हात फिरवत उभा होतो.

मोटारसायकल अंगणात आली तीच वाकडीतिकडी. सुजित झुली तिथंच टाकून गोठ्यात धावला. गव्हाणीत रिकाम्या डब्या पडल्या होत्या. त्यानं एक उचलली, आत बोट फिरवलं आणि खाली ठेवली.

"आप्पा, हे काय केलंसा?"

"औषध लावलं. व्याह्यांनी बैलांस्नी आणलं हुतं."

"बैलांस्नी न्हाई, आप्पा. तुमास्नी. तुमच्या तोंडाला."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही. म्हणजे शब्द सगळे मराठीच होते. माझ्या तोंडाला? मी हवालदार! तो सांगायला लागला. तिकडं सणावाराला मोठ्या माणसाला अशीच पेटी देतात. ही साधी नाही, जिनसेंगची, म्हणजे झाकणावरच्या त्या मुळीची आहे, तिकडच्या मोठ्या घरांत देतात तसली. ली साहेबांनी स्वतः दुकानात जाऊन निवडली. मान चोळून दाखवली कारण ते मानेलाही लावायचं असतं.

मी विचारलं, केवढ्याला असेल? सुजितनं सांगितलं. मी गव्हाणीवर बसलो. तेवढ्या पैशात ह्याच दोन बैलांना पावसाळाभर पेंड घातली असती, आणि मी ते अर्ध्या तासात त्यांच्या खांद्यात जिरवलं होतं. वर शिंगं पुसली होती!

"पुरुषमाणूस एवढ्या पैशाचं तोंडाला फासतो?" मी विचारलं.

"तिकडं समदे लावत्यात. हापिसात, कारखान्यात, पोलिसात बी." मग तो खाली बघून म्हणाला, "मी बी लावतो."

हा धक्का सगळ्यात मोठा. पेटीचे पैसे परवडले, पण हे? माझ्या बापानं आयुष्यभर मातीनं हात धुतले, मी तुरटीवर नोकरी काढली, आणि माझ्या पोटचा पोरगा रोज सकाळी स्वतःच्या गालावर थापट्या मारतो? मी शालनकडं बघितलं, म्हटलं हिला तरी काही वाटेल. तर ती पोराच्या गालाला हात लावून बघत होती.

"तरीच म्हणलं पोरगं असं तुकतुकीत कसं दिसतंय," ती म्हणाली. "मला वाटलं तिकडचं पाणी मानवलं."

पण हे हसण्यावारी न्यायचं काम नव्हतं. सुजित आत जाऊन ली साहेबांशी बोलून आला, तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. ते विचारत होते, तुझ्या वडिलांना हे नातं नको आहे का? नको असेल तर तोंडानं सांगायचं. मी दिलेली भेट माझ्यासमोर जनावराला फासायचं कारण काय? आणि वर कॅमेऱ्याकडं बघून हसायचं कारण काय?

सुजित टाकलेल्या झुली उचलून कोपऱ्यात घड्या घालत बसला होता. मला बोल लावला असता तरी बरं वाटलं असतं. लहानपणापासून हा पोरगा काही मागत नाही. एकच गोष्ट मागितली, ती मी राणाच्या खांद्याला लावून बसलो.

मी हात धुतले. साबणानं धुतले तरी तो मुळ्यांचा वास जाईना. तसाच ली साहेबांच्या खोलीच्या दारात गेलो आणि सुजितला म्हटलं, मी बोलतो ते जसंच्या तसं सांग, शब्द गाळू नकोस.

"म्हणावं, मला ह्यातलं काय कळत न्हाई. मला वाटलं बैलासाठी हाय. ह्या घरात बैलाचा मान माझ्यापरास मोठा हाय. चांगली चीज घरात आली की आधी त्येला. तुमचा अपमान करायचा न्हवता, लय मोठा मान करायचा हुता. चुकलं माझं."

सुजितनं सांगितलं. ली साहेबांनी विचारलं, मान चोळून दाखवली ती बैलाची वाटली? मी म्हटलं, जू तिथंच बसतं की! सुजितनं जू म्हणजे काय ते हातवारे करून सांगितलं. ली साहेबांनी स्वतःच्या मानेला हात लावला, मग माझ्याकडं बघितलं. ओठ जरा हलले, पण हसले नाहीत. जेवायला मात्र बाहेर आले. शालननं त्यांना वाढताना पोळीवर लोण्याचा गोळाच ठेवला. लोणी होतंच शिल्लक.

बेंदराच्या दिवशी सकाळी ते ओसरीवर बसले आणि मला समोर बसायची खूण केली. मी समजलो, ही शिक्षा आहे. फौजेत शिक्षा गपचूप घ्यायची असते, मी बसलो. त्यांनी स्वतःच्या पिशवीतल्या बाटल्या काढल्या आणि माझ्या तोंडाला लावायला सुरुवात केली. एक थर, थापट्या. दुसरा थर, थापट्या. आयुष्यात मला एवढ्या मायेनं कुणी मारलेलं नाही. शेवटी त्यांनी एका पाकिटातून ओलं, पांढरं, कागदासारखं काहीतरी काढलं. त्याला डोळ्यांची भोकं, तोंडाचं भोक. ते माझ्या तोंडावर चिकटवलं आणि हातानंच सांगितलं, हलायचं नाही.

हलायचं नाही! आणि गावात हलगी वाजायला लागलेली! मिरवणुकीला बैल काढायची वेळ झाली होती. पहिला मान आमच्या जोडीचा असतो. बापू बोलवायला आला, ओसरीवर मला बघितलं आणि आल्या पावली मागं सरकला. "शालनवैनी," तो बाहेरूनच म्हणाला, "हवालदारास्नी काय झालंय? काल तर चांगलं हुतं."

शालन म्हणाली, काही नाही, तोंडाची खांदेमळणी चाललीय.

बापूमागं आणखी माणसं आली. अंगणात गर्दी झाली. बोलता येईना, कारण बोललं की तो कागद सुटायचा. मी तसाच उठलो. जोडी सुटली नसती तर मिरवणूक अडली असती. पांढरं तोंड घेऊन गोठ्यात गेलो. वाटलं होतं राणा बुजेल, दावं तोडेल. छे! त्यानं नाक वर केलं, हुंगलं. त्याच्या खांद्याला जो वास, तोच माझ्या तोंडाला. त्याला काय वाटलं कोण जाणे, आपल्याच दावणीचा समजला असणार. त्यानं जीभ काढली आणि माझ्या हनुवटीपासून कपाळापर्यंत एका दमात सगळं चाटून घेतलं. कागदासकट!

आणि मागं कुणीतरी मोठ्यानं हसलं. गाव नव्हे. गाव तर गपगार झालं होतं. ली साहेब हसत होते. पोट धरून, खांबाला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी त्यांच्या सगळ्या थरांवरून वाहत होतं, पण त्यांनी पुसलं नाही. मग गावही हसलं, सुजित हसला, आणि माझ्या तोंडाला बैलाची लाळ लागलेली असताना मला एवढं हलकं वाटलं, की काय सांगू.

मिरवणुकीत त्यांनी राणाचा कासरा धरला. डोक्याला फेटा, हातात छत्री, कारण ऊन लागायला नको. घरी परतल्यावर अंगणातच थांबले आणि सुजितशी बोलले. सुजितचा चेहरा बघूनच मला कळलं. ते म्हणत होते, ज्या घरात सगळ्यात भारी वस्तू आधी मुक्या जनावराला मिळते, त्या घरात माझी मुलगी सुखात राहील. मी तिला इथं देतो.

मी रडलो. लपवत नाही. शालन तर आधीपासूनच रडत होती. बापूही रडला, पण तो कशानंही रडतो.

लग्नाचं पक्कं झालं. मिन्जी तिकडं सुजितकडून मराठी शिकायला लागली, आणि इकडून शालन तिला माझे नि राणाचे फोटो पाठवायला लागली. आणि मागल्या महिन्यात कोरियातून एक पार्सल आलं. आत दोन पेट्या. पुन्हा घोटाळा नको म्हणून मिन्जीनं प्रत्येकीवर फोटो चिकटवले होते. एक पेटी लहान, साधी, पुठ्ठ्याची. तिच्यावर माझा फोटो. दुसरी मोठी, लाकडाची, रेशमी कापडातली. तिच्यावर राणाचा.

मला पोरीचं कौतुक वाटलं. शिवाय हसूही आलं. चिकटवताना गडबडली बिचारी! मी लगेच फोन लावला. तिनंच उचलला.

"पोरी," मी म्हटलं, "फोटो उलटं चिकटल्यात बग. मोठी पेटी माझी, न्हानगी बैलाची."

ती शब्द जुळवत असावी. मग सावकाश, एकेक अक्षर जपून म्हणाली,

"न्हाई, आप्पा. बराबर हाय. राणाला गुण येतोय."